स्टिक अडकते, म्हणून 32 हजारांचा टीव्ही घ्यावा का?

प्रश्न: मी 37 वर्षांचा, धायरीला राहतो. खासगी नोकरी, हातात 72 हजार येतात. घरी पत्नी, चौथीतली मुलगी आणि वडील. आमचा 32 इंची टीव्ही साधा आहे, 2016 चा. त्याला चार वर्षांपूर्वी अडीच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावली. आता ती फार अडकते. मालिका मध्येच थांबते, कधी स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, वडील वैतागतात. 43 इंची स्मार्ट टीव्ही 32 हजारांना मिळतोय, कार्डावर नऊ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. तो घ्यावा की नवी स्टिक? गृहकर्जाचा हप्ता 26 हजार. फ्लेक्सी कॅप म्युच्युअल फंडात दरमहा 5 हजारांची एसआयपी, तीन वर्षांत 2 लाख 10 हजार झालेत. क्रेडिट कार्डावर 85 हजार बाकी आहेत (मागच्या मार्चमध्ये कर वाचवायला बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचा 60 हजारांचा हप्ता आणि मुलीची फी). मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दरमहा वेळेवर भरतो आणि कार्डावर नवा खर्च करत नाही, त्यामुळे ती चिंता नाही. पॉलिसीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर "पाच वर्षं भरा, मग सोडा" म्हणाले होते; कागदं जोडतोय. मी नव्या करपद्धतीत आहे.

उत्तर: टीव्ही आत्ता घेऊ नका. नवी स्टिकही आत्ता नको, आधी आहे ती नीट चालवून बघा.

स्टिक आपोआप बंद होऊन सुरू होते म्हणताय, तर ती टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टवर चालत असेल, असा माझा दाट संशय आहे. जुन्या टीव्हीचा तो पोर्ट बहुतेक अर्धा अँपिअर वीज देतो आणि स्टिकला एक अँपिअर लागते. डब्यातला अ‍ॅडॅप्टर शोधा, नाही सापडला तर तपकीर गल्लीत दोन-तीनशेला चांगला मिळेल. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. मग स्टिकची साठवण तपासा. या किमतीच्या बऱ्याच स्टिकमध्ये 1 जीबी रॅम आणि 8 जीबी साठवण असते आणि त्यातली साधारण 5 जीबीच वापरता येते. चार वर्षांत अ‍ॅप फुगत गेले, स्टिक होती तेवढीच राहिली. मुलीचे जुने गेम आणि कोणी उघडत नाही ते अ‍ॅप काढून टाका, उरलेल्यांची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वाजणारे व्हिडिओ बंद करा. टीव्हीच्या पाठीला चिकटून स्टिक तापत असेल तर एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन केबल लावून ती बाहेर काढा. त्याने वायफायही सुधारतं. एवढं करूनही महिनाभराने तीच रड असेल, तर चार-पाच हजारांत जास्त रॅमची स्टिक घ्या. रोख घ्या.

स्वस्त स्मार्ट टीव्हीबद्दल दुकानदार सांगत नाही ते सांगतो. 32 हजारांच्या टीव्हीचा पडदा मोठा असतो, पण आतली रॅम आणि साठवण बऱ्याचदा तुमच्या स्टिकच्याच जातीची असते. तीन-चार वर्षांनी तोही अडकायला लागेल आणि तुम्ही त्याला पुन्हा स्टिकच लावाल. मोठा पडदा हवा असेल तर तो जरूर घ्या, वेग हवा म्हणून घेऊ नका. आणि अ‍ॅपचे पैसे दोनदा जात नाहीत ना, हेही बघा. ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये जे ओटीटी आधीच मिळतं, त्याचंच वेगळं ऑटोपे बऱ्याच घरांत चालू असतं.

तुमच्या पत्रातलं मला अस्वस्थ करणारं वाक्य वेगळंच आहे: "मिनिमम ड्यू वेळेवर भरतो, त्यामुळे ती चिंता नाही."

मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज एक दिवसही थांबत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. 85 हजारांवर ते झाले 3 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण साडेतीन हजार. पाच टक्क्यांनी तुमचा मिनिमम ड्यू येतो सव्वाचार हजार. त्यातले साडेतीन हजार व्याज आणि करात जातात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम 750 रुपयांनी. अकरा महिन्यांत तुम्ही 45 हजारांच्या वर भरलेत आणि बाकी उतरली असेल आठ-नऊ हजारांनी. तुम्ही ज्या टीव्हीसाठी नऊ महिन्यांचे हप्ते मोजताय, त्याहून जास्त रक्कम या वर्षात नुसत्या व्याजात गेली. हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही याचा मला राग येतो, कारण स्टेटमेंटवर मिनिमम ड्यूचा आकडा ठळक छापलेला असतो आणि व्याजाचा दर मागच्या पानावर, बारीक अक्षरात.

यावर 32 हजारांचा ईएमआय चढवला तर काय होईल? नो कॉस्टमध्ये बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. ती रक्कम फार नाही. खरी अडचण अशी की ईएमआयचा अख्खा हप्ता मिनिमम ड्यूत मिळवला जातो. दरमहा सव्वाचारऐवजी पावणेआठ हजार भरावे लागतील आणि एक महिना जरी ओढाताण झाली तरी चक्र वाढेल.

कार्ड फेडायला एसआयपीतून 85 हजार काढा. याच आठवड्यात काढा. फंड 15 टक्के देईल या आशेवर 42 टक्क्यांचं कर्ज बाळगणं हा तोट्याचाच व्यवहार आहे. शिवाय 15 टक्के ही आशा आहे आणि 42 टक्के हे दरमहा येणारं बिल. विक्रीत सर्वांत जुनी युनिटं आधी जातात, ती वर्षाहून जुनी असल्याने सहसा एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा आकार) लागणार नाही. वर्षात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे, तुमचा एकूण नफाच तीस हजार, म्हणजे करही नाही. काढण्याआधी कार्ड कंपनीकडून त्या दिवसाची पूर्ण देणी विचारून घ्या, कारण स्टेटमेंटनंतरचं व्याज वेगळं येतं. सगळं भरा, पुढचं बिल शून्य आलंय याची खात्री करा. एसआयपी चालू ठेवा. दरमहा मोकळे झालेले सव्वाचार हजार वेगळ्या रिकरिंग ठेवीत टाका. आठ महिन्यांत 34 हजार जमतील आणि दिवाळीच्या सुमारास टीव्ही रोखीने घेता येईल.

आता पॉलिसी. पुढच्या महिन्याचा हप्ता कुठून भरणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुन्हा कार्डावर टाकणार असाल तर वरचा सगळा हिशेब नव्याने सुरू होईल. पॉलिसीची कागदं तुम्ही जोडलीत. त्यात 12 वर्षं हप्ते भरायचे आणि 15 वर्षांनी 12 लाख मिळायचे असं आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने "पाच वर्षं भरा, मग सोडा" असं सांगितलं म्हणता, पण कागदावर पाच हा आकडा कुठेही नाही. 7 लाख 20 हजार भरून 12 लाख म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर. विमा फक्त 6 लाखांचा. तुम्ही गेलात तर 26 हजारांचा गृहकर्जाचा हप्ता भरून घर दोन वर्षंही चालणार नाही. आणि कर वाचवायला म्हणाल, तर तुम्ही नव्या करपद्धतीत आहात, तिथे 80 सी, म्हणजे विमा-गुंतवणुकीवरची करवजावट, नाहीच. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्या पद्धतीत कर शून्य आहे. तुमचा वार्षिक पगार त्याच्या बराच आत बसतो. जो कर या पॉलिसीने वाचणारच नव्हता, तो वाचवायला तुम्हाला 60 हजारांचा हप्ता गळ्यात घातला गेला.

"पहिला हप्ता बुडेल" म्हणून दुसरा भरायचा मोह होईल. समजा पहिले 60 हजार पूर्ण बुडाले, तरी उरलेले अकरा हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी टाकलेत तर त्याच मुदतीला साडेबारा लाख होतात. पॉलिसी देणार 12. म्हणजे तोटा सोसूनही बाहेर पडणं फायद्याचं. पूर्ण बुडेलच असंही नाही: ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की काही सरेंडर रक्कम (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारे पैसे) मिळू शकते. तुमच्या पॉलिसीवर नेमकी किती, हे विमा कंपनीला ईमेलने विचारा, फोनवर नको.

मात्र आधी 1 कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या. तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला 15 हजारांच्या आसपास पडेल आणि वैयक्तिक जीवनविम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. तो हातात आला की मगच जुनी पॉलिसी सोडा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरेल.

त्याच ईमेलमध्ये चुकीची माहिती देऊन विक्री केल्याची लेखी तक्रार करा. मॅनेजरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, "पाच वर्षं" लिहिलेला एखादा कागद, जे असेल ते जोडा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही. तक्रारीची पोच जपून ठेवा आणि सरेंडरचा आकडा कळला की मला कळवा, म्हणजे अंतिम हिशेब त्या आकड्यावर करता येईल.