भारती सिंगचा नवरा कोण, आणि तिने वजन कसं उतरवलं?
नवरा हर्ष लिंबाचिया, लेखक. ‘कॉमेडी सर्कस’च्या दिवसांत ओळख झाली, ३ डिसेंबर २०१७ ला गोव्यात लग्न. मोठा मुलगा लक्ष्य एप्रिल २०२२ चा, लाडाने ‘गोला’. नववा महिना लागला तरी ती सूत्रसंचालन करत होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

वजन उतरलं ते बाळंतपणाआधी, २०२१ मध्ये: ९१ वरून ७६ किलो. संध्याकाळी सातनंतर थेट दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जेवण. पराठे, डाळ-भाजी काही सोडलं नाही. दमा आणि मधुमेहही आटोक्यात आल्याचं तिने सांगितलं होतं. पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतका वेळ उपाशी राहू नका.