हातात हात घालून फिरता येईल अशी गावं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स अशा एलजीबीटीक्यू प्रवाशांना मोकळेपणाने राहता येईल अशा गावांविषयी आणि वस्त्यांविषयी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देशाचा कायदा, शहराचा स्वभाव आणि एखाद्या गल्लीतली वागणूक या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. प्रत्येक मोकळ्या वस्तीला वेस असते. ती कुठे संपते हे ठाऊक असलं की प्रवास निर्धास्त होतो.

प्रश्न : आम्ही दोघं पुरुष नऊ वर्षं एकत्र आहोत, पण चारचौघांत एकमेकांचा हात कधी धरलेला नाही. आठ दिवसांची सुट्टी आहे. मोठ्या शहरातला प्रसिद्ध भाग निवडावा की लहान गाव?

पहिल्या वेळेला लहान गावच निवडा. मोठ्या शहरातली अशी वस्ती म्हणजे मोजक्या गल्ल्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो भाग घ्या : कॅस्ट्रो स्ट्रीट आणि अठरावा रस्ता जिथे मिळतात तो चौक आणि त्याच्या आसपासचे थोडे रस्ते. दहा-पंधरा मिनिटं चाललात की वस्ती मागे पडते. हात धरायचा की सोडायचा, हा विचार दिवसातून अनेकदा करावा लागतो आणि त्यानेच माणूस दमतो. लहान गावात मुक्काम, जेवण, समुद्रकिनारा सगळं एकाच वेशीच्या आत असतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं प्रॉव्हिन्सटाउन हे असंच गाव. केप कॉडच्या अगदी टोकाला आहे. कमर्शियल स्ट्रीट हा अरुंद रस्ता बंदराला समांतर गावभर जातो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यावर इतकी जोडपी हात धरून फिरत असतात की कुणी वळूनही बघत नाही. पहिल्या दिवशी समोरून माणूस आला की हात सवयीने सुटेल. सुटू द्या, दोन-तीन दिवसांत ती सवय मोडते. म्हणून तिथे किमान चार रात्री काढा, एका रात्रीसाठी जाऊ नका.

बोस्टनहून वेगवान फेरी साधारण दीड तासात पोहोचवते. ती फक्त उन्हाळी हंगामात चालते, हिवाळ्यात रस्त्यानेच जावं लागतं. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी गाडीने निघालात, तर केप कॉड कालव्यावरच्या दोन पुलांपाशी हमखास अडकाल. जुलै-ऑगस्टमध्ये बरीच गेस्टहाऊस ठरावीक रात्रींपेक्षा कमी मुक्काम घेत नाहीत, तेव्हा बुकिंग काही महिने आधी करा. आणि कोणता आठवडा आहे ते आधी पाहा. कॅरेबियनसारखा शांत किनारा डोळ्यांपुढे ठेवून कुणी ऑगस्टमधल्या कार्निव्हलच्या आठवड्यात पोहोचलं, तर झोपेची आशा सोडावी. सप्टेंबर उत्तम : समुद्र अजून उबदार, गर्दी ओसरलेली. जानेवारीत निम्म्याहून अधिक दुकानांना कुलूप असतं.

युरोपकडे जायचं असेल तर स्पेनमधलं सित्जेस. बार्सिलोनाहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता. शेवटची गाडी मात्र बार बंद व्हायच्या कितीतरी आधी सुटते. म्हणून बार्सिलोनात राहून जा-ये करण्यापेक्षा सित्जेसमध्येच मुक्काम करा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, म्हणजे जोडपं आहोत. ज्या ज्या ‘गे’ भागाचं नाव वाचून गेलो, तिथे पुरुषांचे बार निघाले. आमच्यासाठी काही आहे की नाही?

तुमची तक्रार अगदी रास्त आहे. या वस्त्या बहुतेक ठिकाणी बारभोवती वाढल्या. बार चालवायला भांडवल आणि जागा लागते, आणि रोज रात्री पैसे खर्च करणारं गिऱ्हाईकही लागतं. या तिन्ही बाबतींत पुरुषांचं पारडं जड होतं. त्यामुळे तुम्ही गल्ली शोधू नका, आठवडा शोधा.

प्रॉव्हिन्सटाउनमध्ये दर ऑक्टोबरात स्त्रियांचा आठवडा असतो. तो १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि त्या आठवड्यात गावाचा चेहराच पालटतो. ग्रीसमध्ये लेस्बोस बेटावर स्काला एरेसोस हे किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. कवयित्री सॅफोचा जन्म या एरेसोसचाच मानतात. सप्टेंबरात तिथे स्त्रियांचा महोत्सव भरतो आणि जगभरातून बायका येतात. विमानतळ मितिलिनीला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून साधारण ९० किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे, दोन तास धरा. बस फार कमी असतात. विमान दुपारनंतर उतरत असेल तर गाडी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिली रात्र मितिलिनीतच काढावी लागेल.

गाजावाजा नको असेल तर इंग्लंडमधलं हेब्डन ब्रिज पाहा. मँचेस्टर आणि लीड्सच्या मधे, रेल्वेमार्गावरच आहे. लेस्बियन जोडपी तिथे वर्षानुवर्षं घरं करून राहिली आहेत. त्यामुळे तुम्ही तिथे पाहुण्या वाटणार नाही, शेजारणी वाटाल.

प्रश्न : एक डबल बेड मागितला होता, पण काउंटरवर ‘काहीतरी चूक झाली असेल’ असं म्हणून दोन वेगळे पलंग दिले. हे टाळायचं कसं?

बुकिंगच्या वेळी दोघांचीही नावं घाला. बहुतेक घोळ एकाच नावावर खोली घेतल्याने होतो. मग हॉटेलला थेट दोन ओळी लिहा : ‘आम्ही जोडपं आहोत, एकच मोठा पलंग हवा आहे, कृपया लेखी कळवा.’ उत्तराचा सूर बघा. ‘नक्की, वाट पाहतो’ असं आलं तर प्रश्न मिटला. ‘उपलब्धतेनुसार बघू’ असं मोघम आलं किंवा चार दिवस काहीच आलं नाही, तर फुकट रद्द करता येतं तोवर दुसरी जागा पाहा. म्हणूनच अनोळखी गावात पैसे परत न मिळणारा स्वस्त दर घेऊ नये. ते लेखी उत्तर फोनमध्ये उघडून ठेवलंत, तर काउंटरवर वाद घालायची वेळच येत नाही.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी माझी नोंद पुरुष अशी झाली होती. पासपोर्टवर जुनं नाव आणि जुना फोटो आहे. हॉर्मोनची इंजेक्शनं सोबत न्यावी लागतात. विमानतळाचीच भीती जास्त वाटते.

आधी कागदपत्रं. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. तुम्हाला हाक मारतात ते नाव तिकिटावर घालू नका, विमानात चढू देणार नाहीत. हॉटेलला मात्र आधीच कळवता येतं की पासपोर्टवर हे नाव आहे आणि बोलताना अमुक नावाने हाक मारा. चेहरा फोटोपेक्षा खूप बदलला असेल तर डॉक्टरांचं एक पानी पत्र जवळ ठेवा. शक्य असेल तर निघण्यापूर्वी पासपोर्टच नवा करून घ्या. तुमच्या पासपोर्टवर ‘एक्स’ अशी (स्त्री किंवा पुरुष न लिहिलेली) लिंगनोंद असेल तर ज्या देशात जायचं आणि जिथे विमान बदलायचं, तिथल्या वकिलातींकडून खात्री करून घ्या. सगळ्या देशांच्या प्रवेशयंत्रणा ती नोंद स्वीकारत नाहीत.

मग स्कॅनर. काही विमानतळांवर यंत्रापाशी उभा असलेला कर्मचारी तुमच्याकडे पाहून ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं बटण दाबतो. यंत्राची जी अपेक्षा असते त्याहून शरीर वेगळं दिसलं की पडद्यावर छातीपाशी किंवा मांड्यांमध्ये पिवळा चौकोन उमटतो. यात तुमचं काहीच चुकलेलं नसतं. शांतपणे म्हणा, ‘मी ट्रान्सजेंडर आहे, तपासणी वेगळ्या खोलीत आणि साक्षीदारासमोर करा.’ या सोपस्कारासाठी अर्धा तास जादा हाताशी ठेवा. तुमच्या ट्रान्स पुरुष मित्रांना सांगून ठेवा : छाती दाबणारा बाइंडर सलग आठ तासांहून जास्त घालू नये, लांबच्या विमानप्रवासात तर सैल बनियनच बरा. धातूच्या हुकाचा बाइंडर स्कॅनरला हटकून सापडतो.

औषधं केबिनच्या पिशवीत, मूळ खोक्यात आणि चिठ्ठीसकट ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं. औषध बरोबर असेल तर सुया सहसा नेऊ देतात, नुसत्या सुया दिसल्या की प्रश्न सुरू होतात. टेस्टोस्टेरॉन हे ट्रान्स पुरुष घेतात ते हॉर्मोन अनेक देशांत नियंत्रित औषधांत मोडतं. ते नेणाऱ्यांनी किती दिवसांचा साठा चालतो हे आधी पाहावं. इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो आणि तासन् तास बसून तो आणखी वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चाला, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

गाव म्हणाल तर पुन्हा प्रॉव्हिन्सटाउनच. १९७५ पासून तिथे ऑक्टोबरात ट्रान्स लोकांचा मेळावा भरत आला आहे. कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस वेगळा असणं तिथल्या दुकानदारांना नवं नाही.

प्रश्न : माझा मुलगा गे आहे. मी बासष्ट वर्षांची आहे. आम्ही मायलेकरं एकत्र फिरायला जाणार आहोत. मला बार-क्लबात रस नाही, पण त्याचं जग समजून घ्यायचंय.

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. दिवसाउजेडी पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात ॲमस्टरडॅमपासून करा. वेस्टरमार्क्टला कालव्याकाठी गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण आहेत. हे होमोमॉन्युमेंट, १९८७ सालचं. एक त्रिकोण जमिनीच्या पातळीला, एक उंच ओट्यासारखा आणि एक पायऱ्यांनी पाण्यात उतरणारा. तिन्ही मिळून एक मोठा त्रिकोण होतो. पण स्मारक जमिनीत इतकं मिसळून गेलंय की त्यावरून चालत गेलेल्यांनाही ते कळत नाही. पाण्याकडच्या पायऱ्यांवर लोक फुलं ठेवतात, तिथे जरा बसा. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत असत, हा त्या आकाराचा अर्थ.

बर्लिनमध्ये नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या भिंतीवर त्याच आकाराची स्मृतिशिला आहे, १९८९ ची. नाझी सत्तेवर येण्यापूर्वी समलिंगी लोकांचं उघड जगणं याच शोनेबर्ग भागात फुललं होतं. मँचेस्टरला कॅनाल स्ट्रीटशेजारच्या सॅकव्हिल बागेत समलिंगी असल्यावरून शिक्षा झालेले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे. न्यूयॉर्कला क्रिस्टोफर स्ट्रीटवर स्टोनवॉल इन आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे तिथे पोलिसांच्या छाप्याला लोकांनी प्रतिकार केला आणि २०१६ मध्ये तो परिसर राष्ट्रीय स्मारक झाला. सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर कॅस्ट्रो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या ट्विन पीक्स टॅव्हर्नच्या खिडक्या नुसत्या रस्त्यावरून बघा. पूर्वी अशा बारच्या काचा रंगवलेल्या किंवा झाकलेल्या असत, आतला माणूस कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. १९७२ मध्ये इथल्या दोघी मालकिणींनी काचा मोकळ्या ठेवल्या. आज दुपारी आत म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात. तुम्हाला जे समजून घ्यायचंय त्यातलं पुष्कळसं त्या काचेत आहे.

प्रश्न : आशियात कुठे जावं? टोकियोतल्या एका बारने दारातूनच परत पाठवलं.

तैपेई, हे आमचं सरळ उत्तर. तैवानमध्ये २४ मे २०१९ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. शिमेन स्टेशनजवळ ‘रेड हाउस’ ही १९०८ ची अष्टकोनी इमारत आहे. तिच्या मागच्या अंगणात उघड्यावर टेबलं मांडलेले छोटे बार आहेत. उघड्यावर असल्यामुळे आत शिरायचा संकोच राहत नाही. ऑक्टोबर अखेरच्या शनिवारी तिथली मोठी प्राइड यात्रा, म्हणजे एलजीबीटीक्यू लोकांची मिरवणूक, निघते. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून विवाहाचा कायदा लागू झाला आहे. बँकॉकला सीलोम रस्त्याची चौथी गल्ली संध्याकाळी लवकर जाण्यासारखी आहे.

टोकियोतल्या शिंजुकू नि-चोमे या गे वस्तीचं गणित मात्र वेगळं. काही गल्ल्यांत शेकडो बार, आणि एकेक बार म्हणजे दहा-बारा खुर्च्यांची खोली. तिथे नेहमीची मंडळी मालकाशी गप्पा मारायला येतात. भाषा न येणारा अनोळखी माणूस आला की ती बैठक मोडते, म्हणून नाही म्हणतात. तुमच्याविषयी आकस नसतो. आधी रस्त्याकडे उघडणाऱ्या मोठ्या बारमध्ये बसा आणि तिथल्या माणसाला विचारा की परदेशी लोकांना कुठे घेतात. खुर्चीवर बसण्याचं वेगळं शुल्क लागतं, त्यात थोडा खाऊही येतो. ते आधी विचारून घ्या. काही बार फक्त स्त्रियांसाठी, काही फक्त पुरुषांसाठी आहेत. फोटो विचारल्याशिवाय कधीच काढू नका. शेजारी बसलेल्या माणसाच्या घरी किंवा ऑफिसात कुणालाच ठाऊक नसेल, असं धरून चाला.

प्रश्न : विमान अशा देशात बदलायचंय जिथे समलिंगी संबंध गुन्हा आहे. फोनवर डेटिंग ॲप आहेत. काय करू?

दुबई, दोहा ही मोठी विमानतळं अशाच देशांत आहेत आणि समलिंगी जोडपी तिथून रोज ये-जा करतात. नुसतं विमान बदलताना सहसा कुणी काही विचारत नाही. अडचण होते ती जोडविमान चुकून रात्रीसाठी शहरात जावं लागलं तर. विमानतळाच्या आत असतानाही कायदा त्याच देशाचा असतो, हेही विसरू नका. म्हणून दोन विमानांत पुरेसं अंतर ठेवा, आणि ॲप निघण्यापूर्वीच फोनवरून काढा. नुसतं बंद करून भागत नाही.

मोकळ्या गावातही ॲपवर ‘अंतर दाखवा’ ही सोय बंदच ठेवा. तीन वेगवेगळ्या जागांवरून अंतर पाहिलं की तुमची खोली नेमकी कुठे आहे ते काढता येतं. इजिप्तसारख्या देशात पोलिसांनी खोटी खाती उघडून लोकांना जाळ्यात ओढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. भेटण्याआधी दोन मिनिटं व्हिडिओवर बोला आणि पहिली भेट चार माणसांत ठेवा. असुरक्षित संबंध आलाच तर एचआयव्ही टाळणारं पेप औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. गावात पोहोचल्यावर ते कुठल्या दवाखान्यात मिळतं हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. शुक्रवारी रात्री ते शोधत बसण्यात निम्मे तास निघून जातात.