बुलेटमध्ये डिझेल इंजिन, हातात आरटीओची नोटीस

पलूस तालुक्यातले एक वाचक लिहितात. वडिलांची 1978 सालची बुलेट 350. इंजिन जाम झालं म्हणून दोन वर्षांपूर्वी या वाचकांनी ओळखीच्या मेस्त्रीकडून त्याच चेसिसमध्ये विहिरीवरचं छोटं डिझेल इंजिन बसवून घेतलं. नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा गाडी सांगलीच्या आरटीओत नेली. निरीक्षकांनी इंजिनवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, उमटलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला आणि गाडी बाजूला काढली. आता नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली आहे. उत्तराला पंधरा दिवस. त्यातले नऊ दिवस ती चुलत्यांच्या घरी, टीव्हीच्या खणात पडून होती, कारण आरसी अजून वडिलांच्याच नावावर आणि जुन्याच पत्त्यावर आहे. वडील जाऊन चार वर्षं झाली.

म्हणजे तुमच्या हातात सहा दिवस आहेत, आणि पत्राची दोन पानं मात्र तुम्ही इंजिन बदलणं कसं रास्त आहे हे पटवण्यात घालवली आहेत. राजदूतमध्ये यामाहा आरएक्सचं इंजिन, येझदीत दुसऱ्याच कंपनीचं, असे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात आणि प्रत्येक वेळी हाच युक्तिवाद पुढे केला जातो. एकदा त्याचं उत्तर देतो.

तुमचे मित्र सांगतात ते खरं आहे. इंग्लंडात पन्नास-साठच्या दशकांत पोरांनी नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन बनवल्या आणि आज त्या मानाने मिरवतात. ऑस्ट्रेलियातल्या पॉल कार्बेरी यांनी बुलेटच्या दोन सिलिंडरांवरून हजार सीसीचं व्ही-ट्विन इंजिन उभं केलं. आणि खुद्द एनफिल्डने टॉरस नावाची 325 सीसीची डिझेल बुलेट कारखान्यातूनच विकली. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, मधे दोघांना जोडणारी प्रायमरी चेन. त्यामुळे माउंटिंगच्या प्लेटा नव्याने कापल्या की दुसरं इंजिन बसतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला तेव्हापासून तुमच्या भागात लेथवरचे कसबी हात पिढ्यान् पिढ्या तयार होत आले आहेत. तुमच्या मेस्त्रीचं कामही चोख असेल. फोटोत दिसणारं वेल्डिंग मला तरी नेटकं वाटलं.

पण यातलं एकही वाक्य तुमच्या उत्तरात घालू नका. टॉरसच्या आरसीवर इंधन डिझेल असं कारखान्यापासून लिहिलेलं असतं. तुमच्या आरसीवर पेट्रोल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडी चांगली चालते का, हे विचारत नाही. नोंदणीतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळतो का, एवढंच विचारतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्या मेस्त्रीने कलम 52 मधल्या एका परंतुकाचा, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्याचा, आधार दिला आहे: इंधन बदलण्यासाठी इंजिनात फेरफार करायला कायद्याची परवानगी आहे. अर्धं वाक्य वाचून दिलेला सल्ला आहे हा. ती सवलत सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा रूपांतरासाठी, नियमांत बसणारं कन्व्हर्जन किट ठरलेल्या अटींवर बसवलं तर आहे. पंपावरून सोडवून आणलेलं अख्खं इंजिन म्हणजे किट नव्हे. चौदा दिवसांत बदल कळवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. ती मुदत दोन वर्षांपूर्वी गेली, आणि वेळेत कळवलं असतं तरी हा बदल मंजूर झाला नसता.

आता ज्यावर सगळं ठरणार आहे ते बघा. नोटीस कलम 55 च्या पोटकलम 5 खाली आहे. गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीतल्या नंबराहून वेगळा असल्याची अधिकाऱ्याची खात्री झाली, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन त्याने नोंदणी रद्द करायचीच आहे. ‘करू शकेल’ असं तिथे लिहिलेलं नाही. दया दाखवायला, दंड घेऊन सोडायला त्या पोटकलमात जागा नाही. त्यामुळे आदेश निघण्याआधी आरसीतला नंबर असलेलं इंजिन त्या चेसिसमध्ये परत बसलं पाहिजे.

जुनं इंजिन कुठे आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही! तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती. आजच मेस्त्रीकडे जा. बुलेटचा इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचावर, सिलिंडरच्या बुडाशी कोरलेला असतो. पिस्टन, सिलिंडर, हेड, क्रँकपिन, काहीही गेलेलं असलं तरी चालेल; ते बदलता येतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तो क्रँककेस मात्र शाबूत हवा. पोत्यात, ओसरीवर, भंगाराच्या ढिगात, जिथे असेल तिथून तो ताब्यात घ्या आणि नंबर स्वच्छ करून फोटो काढा. इंजिन भरताना 350 चंच सिलिंडर घाला. 500 चं किट घालून नंबर जुळवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो; तिथे नंबर जुळतो, पण 346 सीसीच्या गाडीची 499 सीसी होते आणि तुम्ही पुन्हा कलम 52 मध्ये अडकता.

क्रँककेस विकला गेला असेल तर मार्ग अवघड आहे. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बिलासह मिळवून, आधी परवानगी मागून, मग बसवायचं. दुसऱ्या नोंदणीकृत गाडीतलं असेल तर त्या गाडीची कागदपत्रंही लागतील. अशा अर्जावर एकेक कार्यालय वेगळी भूमिका घेतं, म्हणून खात्री देत नाही. डिझेल इंजिनवर जुना नंबर पंच करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातही उभे राहू नका. आज तुमच्यासमोर नोंदणीचा प्रश्न आहे. नंबर पंच केलात की बनावटीचा फौजदारी गुन्हा होईल आणि त्यात तुमच्याबरोबर मेस्त्रीही जाईल.

नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत, लेखी, पोच घेऊन द्या. बदल झाला हे नाकारू नका. मूळ इंजिन परत बसवत आहोत, फेरतपासणीसाठी तारीख द्यावी आणि तोवर आदेश करू नये, एवढीच विनंती करा. इंजिन बांधायला सहा दिवस पुरणार नाहीत हे उघड आहे, म्हणून मेस्त्रीचं कामाचं पत्र आणि क्रँककेसचा फोटो जोडा. वेळ देणं अधिकाऱ्याच्या हातात आहे. मात्र समोर नंबर दिसत असेल तर अधिकारी शक्यतो विनंती फेटाळत नाहीत, असा अनुभव आहे.

उत्तर वडिलांच्या नावाने सही करून देऊ नका. वारस म्हणून द्या, मृत्यूचा दाखला लावा आणि नमुना 31 चा हस्तांतरणाचा अर्ज तयार ठेवा. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. चार वर्षं तुम्ही मृत माणसाच्या नावावरची गाडी चालवलीत, ही गोष्ट मला इंजिनाहून जास्त खटकली. नोटीस मृताच्या नावे निघाली म्हणून ती रद्दबातल, असा मुद्दा कुणी सुचवेल. त्यातून फार तर नवी नोटीस मिळेल. नंबर काही जुळणार नाही.

अपघात झाला तर विमा मिळेल का, असंही विचारलंय. तृतीय पक्षाला भरपाई देऊन कंपनी ती तुमच्याकडून वसूल करायला उभी राहू शकते, आणि स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यावर हरकत घेईल हे नक्की धरा. बाकी घटनेवर अवलंबून आहे. ‘मग रस्त्यावर नेत नाही, मळ्यातच फिरवतो’ हेही चालत नाही. कलम 39 नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणीच नव्हे, इतर कुठल्याही ठिकाणी गाडी चालवायला मनाई करतं.

आदेश झालाच तर कलम 57 प्रमाणे तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. ही मुदत पुन्हा खणात घालवू नका. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. पण अंतर कमी झालं म्हणून तारखा जवळ येत नाहीत. तोवर गाडी शेडमध्ये गंजत राहील, आणि शेवटी तिथेही विचारतील की नंबर जुळतो का.

आणखी एक कारण मूळ इंजिनाच्या बाजूने आहे, आणि गाडीवर जीव असेल तर ते तुम्हाला पटेल. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. तुमची बुलेट 2028 नंतर त्यात बसेल. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं. त्या नोंदणीवर रोज बाजाराला जाता येत नाही, पण प्रदर्शनाला आणि व्हिंटेज रॅलीला मानाने नेता येते.

नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर पोस्टाच्या शिक्क्यासह जपून ठेवा, आणि आरसीची दोन्ही बाजूंची प्रत काढा. फेरतपासणीची तारीख मिळाली की बुलेट टेम्पोत घालून न्या, चालवत नेऊ नका.