कोको संपला, महागला, चालत नाही: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत कोको पावडरीबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथलं पीक बिघडलं आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्याची झळ बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानांपर्यंत आली. आपल्या राज्यात, कर्नाटकात, दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या सुपारीच्या बागांतून कोको होतो, पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे, पण भाव जगाच्या बाजाराबरोबरच हलतो.

उत्तरांत छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. मापं सपाट चमच्याची आहेत, शीग लावून नव्हे.

बिनअंड्याच्या केकमध्ये २५ ग्रॅम कोको लागतो. त्याऐवजी घरात असलेली ड्रिंकिंग चॉकलेट पावडर तेवढीच घातली तर चालतंय काय? नाहीतर डार्क कंपाउंडची वडी?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

तेवढीच घातली तर केक गोडमिट्ट होईल आणि रंग चहासारखा येईल. आधी डब्याची मागची बाजू वाचा. घटकांच्या यादीत साखर पहिली असेल आणि १०० ग्रॅममध्ये साखर ७० ग्रॅमच्या आसपास असेल, तर २५ ग्रॅम पावडरीत कोको फार तर साडेसात ग्रॅम आला. अशी पावडर वापरायचीच असेल तर ८० ग्रॅम घ्या आणि केकमधली साखर ५५ ग्रॅमने कमी करा. माल्ट असलेली दुधात घालायची पावडर मात्र नको. तिच्यात कोको थोडा आणि माल्ट-साखर जास्त. केक वरून लवकर काळा पडतो आणि आत चिकट राहतो.

कंपाउंडची वडी त्यापेक्षा बरी. ७५ ग्रॅम वडी वितळवून घाला, साखर ३५ ग्रॅम आणि तेल २० मिली कमी करा, कारण वडीत निम्मी साखर आणि साधारण तिसरा हिस्सा वनस्पती तूप असतं. कोको कोरडा असतो आणि पाणी शोषतो. तो काढला की पीठ सैल होतं, म्हणून मैदा १५ ग्रॅम वाढवा. चॉकलेटची चव तरीही थोडी फिकी राहील. एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी गरम पाण्यात विरघळवून घातली की ती भरून निघते. या मापात कॉफीची वेगळी चव लागत नाही.

नाचणीचं पीठ घालून ‘चॉकलेटी’ केक केला. मैदा १९० ग्रॅम, साखर २००, तेल ७५ मिली, पाणी २४० मिली, सोडा १ छोटा चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा आणि कोकोऐवजी नाचणी २५ ग्रॅम. रंग राखाडी आला, चव साबणासारखी लागली, मधे बसला पण. कुठं चुकलं?
– एक वाचक, निपाणी

तुमचं प्रमाण कोकोच्या केकचं आहे, आणि कोकोच्या केकसाठी ते बरोबरच आहे. साधा, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया न केलेला कोको आंबट असतो. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; सातच्या खाली आंबट) साडेपाचच्या आसपास. सोड्याचा काही भाग तो कोको खातो. नाचणीत ती आंबटाई नाही. एक मोठा चमचा व्हिनेगर फार तर पाव चमचा सोडा मारतं. उरलेला पाऊण चमचा केकमध्ये तसाच राहिला, म्हणून साबणाची चव. जास्तीच्या सोड्याने केक भराभर फुगतो आणि आतला जीव धरायच्या आत खाली बसतो. तुमचा मधला खड्डा त्याचाच.

पुढच्या वेळी सोडा अर्धा छोटा चमचा घ्या. व्हिनेगर तेवढंच ठेवा. २४० मिली पाण्यातलं निम्मं काढून त्या जागी १२० मिली आंबट दही घुसळून घाला. एवढ्या आंबटाईत अर्धा चमचा सोडा जवळजवळ पूर्ण विरतो. फुगवटा कमी पडू नये म्हणून एक छोटा चमचा बेकिंग पावडर.

आता रंग आणि चव. नाचणीचं पीठ कच्चं घातलंत असं वाटतं, कारण राखाडी रंग कच्च्या पिठाचा असतो. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आंचेवर आठ-दहा मिनिटं हलवत भाजा. भाकरी भाजल्याचा वास सुटला आणि पीठ हाताला हलकं लागलं की उतरवून लगेच ताटात पसरा. कढईतच ठेवलं तर बुडाचं पीठ करपतं, आणि तो कडूपणा कोकोचा नसतो, राखेचा असतो. भाजलेली नाचणी दही-पाण्यात वीस मिनिटं भिजू द्या, नाहीतर केक दाताखाली रवाळ लागतो. सोडा आणि व्हिनेगर मात्र अगदी शेवटी, भांडं ओव्हनमध्ये जायच्या आधी.

निम्म्या साखरेच्या जागी काळसर गूळ घाला आणि दीड छोटा चमचा इन्स्टंट कॉफी. पिवळाधमक गूळ नको. रसायनाने उजळवलेल्या गुळात रंग नसतो आणि चवही कमी असते. एवढं केल्यावर केक तपकिरी, खमंग होतो. तो चॉकलेटचा केक नव्हे, नाचणीचा केक म्हणूनच ताटात वाढावा, आणि तसा तो फार चांगला लागतो. मैद्याऐवजीही नाचणी वाढवायची असेल तर एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नका. नाचणीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन, नाही, त्यामुळे सुरी लावली की चुरा होतो.

फणसाच्या आठळ्यांपासून कोकोसारखी पावडर होते असं ऐकलं. आमच्याकडे जूनमध्ये आठळ्या पोत्यानं असतात. घरी करता येते काय?
– एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

येते, आणि खानापूर तालुक्यात ती व्हायलाच हवी असं आम्हांला मनापासून वाटतं. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की वाळवून किंवा आंबवून भाजलेल्या आठळ्यांत चॉकलेटच्या वासाची द्रव्यं तयार होतात. पुढच्या प्रयोगांत कॅपुचिनोमधल्या कोकोचा निम्मा ते पाऊण वाटा या पुडीने घेतला, तरी पिणाऱ्यांची पसंती घटली नाही.

आठळ्या धुऊन वरचं पांढरं, प्लॅस्टिकसारखं टरफल काढा. आतली तपकिरी पातळ साल राहिली तरी चालते, ती रंगाला मदतच करते. पातळ चकत्या करा. मे महिन्यात कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतात. पण जांबोटीकडे पाऊस एकदा लागला की उन्हाची वाट बघू नका, अर्धवट वाळलेल्या चकत्यांना एका रात्रीत बुरशी धरते. ओव्हन ७० ते ८० अंशांवर ठेवून, दार बोटभर उघडं ठेवून पाच-सहा तास वाळवा. चकती वाकता कामा नये, कडकन मोडली पाहिजे.

मग १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा, दर दहा मिनिटांनी हलवा. एक चकती मोडून बघा. आतपर्यंत गडद तपकिरी झाली पाहिजे. बाहेरून काळी आणि आत पांढरट असेल तर आंच जास्त झाली. अशी पूड उकडलेल्या पावट्यासारखी वास मारते. कढईतही भाजता येतं, पण सगळीकडून सारखी भाजण्यासाठी ओव्हनच बरा. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधून काढा आणि मलमलच्या कापडातून चाळा. ओल्या अर्धा किलो आठळ्यांची पूड दोनशे ग्रॅमच्या आतच भरते. काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, पावसात फ्रीजमध्ये.

वापरताना कोको निम्मा आणि ही पूड निम्मी धरा. पुडीत तूप जवळजवळ नसतं, कोकोत दहा-बारा टक्के असतं, म्हणून दर २० ग्रॅम पुडीमागे अर्धा छोटा चमचा लोणी वाढवा. पूड पिठूळ आहे. गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात, आधी गार दुधात कालवून घ्या. जिथं कोको शिजत नाही, म्हणजे वरून भुरभुरायला किंवा लाडू घोळवायला, तिथं ही घेऊ नका, जिभेला पीठ लागतं.

घरात एकाला चॉकलेट खाल्लं की डोकं दुखतं. मुलांच्या वाढदिवसाला चॉकलेट बर्फीसारखी दिसणारी बर्फी कोकोशिवाय करायची आहे. कॉफी घालू का?
– एक वाचक, चिकोडी

कॉफी नको. कोको सोडायचा आणि कॅफीन घालायचं, असं करू नये. आपल्याकडे याचं उत्तर कुंद्यात, बेळगावच्या खव्याच्या मिठाईत, आहे. कुंद्याचा रंग दूध आणि साखर परतल्याचाच असतो.

पाव किलो खवा जाड कढईत मंद आंचेवर १२ ते १५ मिनिटं परता, बदामीच्या पुढे, तपकिरीकडे जाईपर्यंत. साखर आत्ता घालू नका; लवकर घातलेली साखर बुडाला लागते. ९० ग्रॅम साखरेतली ३० ग्रॅम दुसऱ्या छोट्या कढईत कोरडीच वितळवा. ती गडद तांबूस झाली, धूर सुटायच्या जरा आधी, की गॅस बंद करून दोन मोठे चमचे कडकडीत गरम दूध बेताने घाला. दूध गार असेल तर साखरेचा दगड होतो आणि शिंतोडे उडतात, मुलं जवळ नकोत. हा पाक आणि उरलेली साखर खव्यात घालून गोळा सुटेपर्यंत घोटा. कोकोने जो कोरडेपणा येतो तो इथं नाही, म्हणून शेवटी २० ग्रॅम दूध पावडर मिसळा, नाहीतर वड्या पडत नाहीत. वेलची घालू नका. तिच्या वासाने तो करपट-गोड स्वाद झाकला जातो. चिमूटभर मीठ मात्र घाला.

कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल, घरच्या चॉकलेटमध्ये घातलं तर उन्हाळ्यात वितळायचं थांबेल काय?
– एक वाचक, जोयडा

थोडं थांबेल. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, भिरंडेल ४० च्या जवळपास. युरोपात चॉकलेटमध्ये ज्या सहा वनस्पती तुपांना ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत कोकमही आहे. घरीही तेवढंच घ्या, १०० ग्रॅम चॉकलेटला ५ ग्रॅम. जास्त घातलं तर तोंडाच्या उबेत ते वितळत नाही आणि मेण खाल्ल्यासारखं वाटतं. टाचांना लावायला ठेवलेला गोळा वापरू नका, खाण्यासाठी गाळून शुद्ध केलेलंच घ्या. कंपाउंडच्या वडीत तर घालूच नका. त्यातल्या पामच्या तुपाशी त्याचं जमत नाही आणि दोन-चार दिवसांत वडीवर पांढरे डाग येतात. कोको पावडरीच्या जागी मात्र भिरंडेल चालणार नाही. ते नुसतं तूप आहे, त्यात ना रंग ना कडूपणा.