लाभांशाचं नंतर बघू, आधी दुसरा हप्ता थांबवा

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. हातात महिना 60 हजार येतात. आमच्या शिक्षक पतसंस्थेत माझे एक लाखाचे शेअर्स आहेत, त्यावर यंदा 9 हजार लाभांश मिळाला. तो शेअर्समध्येच घालू की संस्थेत आवर्त ठेव सुरू करू? संस्थेचं 11 टक्क्यांचं आकस्मिक कर्जही आहे. गेल्या वर्षी ओळखीच्या एजंटकडून पॉलिसी घेतली, तिच्या पहिल्या हप्त्यासाठी काढलं होतं. वर्षाला एक लाख, असे दहा हप्ते. विसाव्या वर्षी 20 लाख 'गॅरंटीड', शिवाय कर वाचतो. पुढच्या महिन्यात दुसरा हप्ता आहे, तेव्हा कर्ज नवं-जुनं करून घेईन, म्हणजे जुनं फेडून नवं मोठं काढेन.

उत्तर: ताई, तुम्ही 9 हजारांचं विचारलंत; मला काळजी वाटते ती शेवटच्या वाक्याची.

दहा लाखांचे 20 लाख, म्हणजे पैसे दुप्पट. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, त्यामुळे परतावा पडतो जेमतेम साडेचार टक्के. त्यासाठी 11 टक्क्यांनी कर्ज! हेच हप्ते पीपीएफमध्ये (सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर वीस वर्षांनी 29 लाखांच्या आसपास होतात. 'गॅरंटीड' आहे ते खरंच, पण गॅरंटी कमी परताव्याची आहे.

कर कुठला वाचतो? 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, आणि तुमचा पगार त्याच्या बराच खाली आहे. जो कर लागतच नाही तो वाचवून देतो म्हणून पॉलिसी गळ्यात मारणं मला संतापजनक वाटतं. शिवाय अशा पॉलिसीत विमा सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 10 लाख. तुमच्यामागे घराला ते किती दिवस पुरतील?

"एक लाख भरलेत, ते बुडतील ना?" हे तुमच्या मनात येणारच. ते गेलेच असं धरून उरलेल्या नऊ हप्त्यांचा हिशेब केला, तरी परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत राहतो. कर्ज 11 टक्क्यांचंच. म्हणून दुसरा हप्ता भरू नका. आधी साधा टर्म विमा घ्या (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा), किमान 75 लाखांचा; तो हातात आला की मगच ही पॉलिसी सोडा. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद केल्यास, किती मिळेल हे कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसी 1 ऑक्टोबर 2024 नंतरची असेल, तर एका हप्त्यावरही काहीतरी परत मिळायला हवं. एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कर्ज नवं-जुनं केलंत तर जामीनदारांच्या सह्या पुन्हा लागतील. तुम्ही थकलात तर वसुली त्या सहकाऱ्यांच्या पगारावर येते. असल्या पॉलिसीसाठी त्यांना गुंतवू नका.

आता लाभांश. शेअर्सचे पैसे सभासद असेपर्यंत सहसा हाती येत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमासंरक्षणही नाही. आणि कर्ज 11 टक्क्यांचं असताना कुठलीच सुरक्षित ठेव त्याच्या पुढे जात नाही. 9 हजार कर्जखात्यात भरा, सरेंडरचे येतील तेही तिथेच. कर्ज फिटलं की पगारातून कर्जासाठी होणारी कपात पीपीएफकडे वळवा.

संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तिच्या अहवालात थकबाकी किती आणि लेखापरीक्षण वर्ग (लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला दर्जा) कोणता, एवढं पाहा. आवर्त ठेवीचा विचार त्यानंतर.