नेव्हीतून अणुवीज केंद्रात यायचंय म्हणतोस, म्हणून

तू विचारलंस, की पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतायत, ई.आर.ए. म्हणजे इंजिन रूमचा कारागीर आहेस, सगळी नोकरी बॉयलर आणि टर्बाइनवर गेली, तर कॅनडात अणुवीज केंद्रात काम मिळेल का. बरोबर बायको आणि आठवीतला मुलगा. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण चार दिवस झाले, जमलं नाही. आणि मला सर म्हणू नकोस, दादा म्हण. मीही लोणावळ्याला नेव्हीच्या आय.एन.एस. शिवाजीमध्येच शिकलोय, आणि आता इथे कॅनडात अणुवीज केंद्रात ऑपरेटर आहे.

गुणांचा हिशोब, इंग्रजीची परीक्षा, डिप्लोम्याचं मूल्यांकन, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते तिथेच वाच. तिथे नसलेलं तेवढं सांगतो.

मिलिटरीत नोकरी केलेल्या माणसाची फाईल इतरांसारखी सरकत नाही. कुठल्या तळावर, कुठल्या हुद्द्यावर, कोणाच्या हाताखाली, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सगळं विचारतात, आणि मधे एक महिना जरी कोरा राहिला तरी फाईल थांबते. 2010 मध्ये कॅनडाने आपल्या निवृत्त फौजी आणि सीमा सुरक्षा दलातल्या लोकांना व्हिसा नाकारले होते. त्यावरून दोन देशांत बोलाचाली झाली आणि शेवटी कॅनडाने खेद व्यक्त केला. आता तसं नाही, पण छाननी आहेच. माझी फाईल चौदा महिने हलली नाही. रोज पहाटे उठून मेल बघायचो. विचारायचं कोणाला, हेच कळत नव्हतं. त्या चौदा महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

म्हणून डिस्चार्जच्या आधी एक पत्र मिळव. सर्व्हिस सर्टिफिकेटवर तुझा ट्रेड आणि वर्षं असतात, पण तू प्रत्यक्ष काय चालवलंस ते नसतं. इथे ऑन्टारियो प्रांतात बॉयलर चालवायचा तर ऑपरेटिंग इंजिनिअरचं लायसन्स लागतं. चौथ्या वर्गापासून सुरुवात, पहिला सगळ्यात वरचा. त्यासाठी स्टीमवर किती काळ काम केलंस ते लेखी मागतात. मी बाहेर पडल्यावर मागायला गेलो, तेव्हा ओळखीचे साहेब बदलून गेले होते आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सात महिने फिरलो. तू युनिफॉर्ममध्ये असतानाच माग. भाषा साधी ठेव: वॉचकीपिंग (पाळीने मशिनरी सांभाळणं), देखभाल, किती माणसं हाताखाली होती. जहाजाचे आकडे, मशिनरीचे तपशील त्यात नकोत, बायोडेटात नकोत, मुलाखतीतही नकोत. त्यांनी विचारलंच तर "सांगता येत नाही" म्हण. अणुवीज केंद्रातल्या माणसांना त्या उत्तराचा आदरच वाटतो.

आणि थेट प्लांटमध्ये लागशील असं धरून येऊ नकोस. मी 2017 मध्ये आलो तेव्हा पहिली दोन वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात बॉयलर बघत होतो, कायम नाइट. विराट या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये वॉच केलेला माणूस तिथे एका लहानशा बॉयलरसमोर एकटा बसायचा. मग प्लांटची जाहिरात, परीक्षा, सुरक्षा तपासणी, आणि चाळिशी ओलांडल्यावर बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसून ट्रेनी.

कामाचं म्हणशील तर अर्धं तुला येतंच. कंडेन्सर, फीड पंप, लॉग, तासातासाचा राउंड, पहाटे तीनला डोळे उघडे ठेवणं, ऑर्डर मिळाली की ती मोठ्याने परत म्हणून दाखवणं. वाफ वेगळी आहे. जहाजावरची सुपरहीटेड वाफ गळली तर दिसत नाही, म्हणून आमचे मास्टर चीफ झाडूचा दांडा पुढे धरून चालायला शिकवायचे. इथली वाफ अडीचशे अंशांच्या आसपासची, ओली.

पण एक सवय तुला मोडावी लागेल, आणि ती मोडताना त्रास होतो. ट्रेनी असताना राउंडवर एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, थेंब पडताना दिसला. माझा हात आपोआप पान्याकडे गेला, अर्धा फेरा दिला, थेंब बंद. जहाजावर हे हजार वेळा केलंय आणि शाबासकी घेतलीय. बरोबरचा ऑपरेटर जागीच थांबला. म्हणाला, कुठल्या प्रोसिजरमध्ये लिहिलंय हे? तो थेंब कुठून येतोय, कधीपासून येतोय, हे कोणी बघायच्या आधीच मी पुरावा पुसला होता. त्या संध्याकाळी मी स्वतःच स्वतःच्या चुकीचा रिपोर्ट लिहिला. सुपरवायझरने तो वाचून माझे आभार मानले, आणि मला रडू आलं. समुद्रात जहाज चालतं ठेवायचं असतं, काहीही करून. इथे शंका आली की थांबायचं असतं. प्रोसिजरची प्रत्येक पायरी झाली की तिच्यासमोर इनिशियल करायचं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही.

रेडिएशनचं बायकोला समजावून सांग. वर्षाला 50 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि पाच वर्षांत मिळून 100, ही इथली कायद्याची मर्यादा. आपल्याकडे पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20, आणि कुठल्याही एका वर्षात 30. प्रत्यक्षात डोस खूप कमी मिळतो. इथल्या भट्ट्या जड पाण्याच्या, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या. त्यांत ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन असतो, तो शरीरात गेलाय का ते बघायला ठरलेल्या दिवशी बाटलीत लघवीचा नमुना द्यायचा. सवय होते.

एकटेपणाचं विचारलंस. समुद्रावर महिनोन्महिने काढलेल्या माणसाला त्याचं काय सांगायचं. होतो थोडा, निघून जातो. पुढे.

माझं गाव बोईसरजवळ. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 ची, अमेरिकन. पण 3 आणि 4, ही 540 मेगावॉटची, जड पाण्याची, म्हणजे मी इथे चालवतो त्याच घराण्यातली. ह्युरॉन सरोवराकाठी डग्लस पॉइंट नावाची जुनी भट्टी आहे, 1984 पासून बंद. राजस्थानात रावतभाट्याची पहिली दोन युनिटं तिच्याच आराखड्यावर बांधायला घेतली होती. 1974 च्या पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि दुसरं युनिट आपल्या लोकांनी पूर्ण केलं. हे सगळं मला इथे येऊन ट्रेनिंगमध्ये कळलं. आई फोनवर विचारते, "म्हणजे आपल्या तारापूरसारखंच ना रे?" मी हो म्हणतो. मग इतक्या लांब का गेलास, हे ती विचारत नाही. तिने विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे का, तेही माहीत नाही. तू निदान तारापूरला जागा निघतात का, ते आधी बघ. मी बघितलंच नव्हतं.

मुलाच्या शाळेचं शेवटी ठेवलं, कारण तेच लिहायला जड जातं. आम्ही आलो तेव्हा मुलगी नववीत. त्या वेळी इथे नववीत दोन वाटा असायच्या, विद्यापीठाकडे नेणारी अकॅडमिक आणि जास्त व्यावहारिक अप्लाइड. आता 2022 पासून ती विभागणी गेली, पण पुढच्या वर्षांत कोर्सची निवड असतेच. शाळेने एका लहानशा चाचणीवरून, तिच्या बोलण्याच्या अडखळण्यावरून, तिला गणितात अप्लाइड सुचवलं. मुंबईत नेव्हीच्या शाळेत गणितात नव्वदच्या खाली न आलेली मुलगी. बैठक सकाळी दहाला होती, मी नाइट करून सातला आलो होतो. बायको एकटी गेली, फॉर्म घेऊन आली, मी उशीवरून डोकं उचलून सही केली. वाचलं नाही. एक गेज डोळ्यांनी बघितल्याशिवाय लॉगवर आकडा न टाकणारा मी.

अप्लाइडमधून परत यायला त्या वेळी वेगळा ट्रान्सफर कोर्स करावा लागायचा, हे वर्ष संपल्यावर कळलं. तिने तो केला, पुढचेही केले, पण दीड वर्ष गेलं आणि तिचा इंजिनिअरिंगचा ओढाच गेला. भांडली नाही कधी. एकदाच म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा झोपला होतात."

मुलाच्या मार्कशीटांबरोबर गणिताच्या वह्या आणि पुस्तकंही आण, सामानात जागा नसली तर माझं ऐकून तुझा एक सूट कमी आण. शाळेत दाखवायला तेच लागतं. नेव्हीचं पत्र हातात आलं की मला पाठव, वाचून काय हवं-नको ते सांगतो. आणि शाळेच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मला फोन कर. माझी नाइट असली तरी कर.