आधी कापडाचे वजन ओळखावे
साड्या नेसलेल्या स्त्रियांची तुमची फॅशन-रेखाटने पाहिली. चेहरे सुरेख उतरले आहेत, परंतु पैठणी आणि शिफॉन एकाच रेषेने काढल्यामुळे दोन्ही साड्या सारख्याच वाटतात. पैठणीचा जरीचा पदर खांद्यावरून जड, मोजक्या घड्यांनी उतरतो, तर शिफॉन अंगालगत बारीक चुण्यांनी ओघळते. हा फरक छायाचित्रावरून नव्हे, साडी समोर ठेवून टिपावा. (मला हे उमगायला फार वर्षे लागली.) १९४७ मध्ये डिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी जाहिरातचित्रे काढणारे चित्रकार रने ग्रुओ यांची जाड काळी रेषा अवश्य अभ्यासावी. मासिकासाठी चित्र काढताना लेख दोनदा वाचल्याशिवाय कच्चे रेखाटन पाठवू नये. मोबदला, दुरुस्त्यांची संख्या आणि वापराची मुदत लेखी ठरवून घ्यावी, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत नमूद केली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते.